साडेदहा इंची नळी आणि हटून बसलेला नट

माझ्या एआर-१५ जातीच्या आखूड रायफलीवरचे प्लॅस्टिकचे, वर-खाली दोन फाकांचे हँडगार्ड (नळीभोवतीचे, हाताने धरायचे आवरण) काढून त्या जागी नळीला कुठेही न टेकणारे अ‍ॅल्युमिनियमचे हँडगार्ड बसवावे, असे बरेच दिवस मनात होते. काम एका दुपारचे असेल असा माझा अंदाज होता; प्रत्यक्षात त्याला दोन शनिवार लागले आणि त्यातला बहुतेक वेळ एका बॅरल नटाने, म्हणजे नळी रायफलीच्या सांगाड्याला आवळून धरणाऱ्या नटाने, खाल्ला.

आधी कायद्याचे सांगतो, कारण भारतातले मित्र तेच पहिल्यांदा विचारतात. अमेरिकेत १६ इंचांहून आखूड नळीची रायफल १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदवावी लागते. त्यासाठीचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला असला, तरी अर्ज आणि नोंदणी कायम आहे. मी राहतो त्या टेक्सासात अशी नोंदवलेली रायफल बाळगता येते. हँडगार्ड बदलल्याने नळीची लांबी बदलत नाही, म्हणून या कामाला वेगळे कागद लागत नाहीत. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाच परवाना लागतो आणि नळी आखूड करण्यासाठी त्या कायद्यात वेगळे कलम आहे, तेव्हा हे वाचून तिकडे कोणी पाना हातात घेऊ नये.

मॅगझीन काढून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून मी रायफलीचा वरचा भाग खालच्यापासून वेगळा केला आणि बोल्ट (गोळी चेंबरमध्ये सारणारा सरकता भाग) बाहेर काढला. जुना नट काढायचा तर त्याच्या पुढे असलेले सगळे नळीवरून उतरवावे लागते: आधी तोंडावरचा फ्लॅश हायडर (ज्वाला कमी दिसावी म्हणून लावलेला तुकडा), मग गॅस ब्लॉक, जो नळीतल्या भोकातून येणारा गॅस बारीक गॅस ट्यूबमधून मागे बोल्टकडे पाठवतो. गॅस ट्यूब नटाच्या दातांमधल्या एका खाचेतून मागे रिसीव्हरमध्ये (नळी जिथे बसते त्या सांगाड्यात) शिरते, म्हणून ती जागेवर असेपर्यंत नट फिरूच शकत नाही. ब्लॉकचे दोन स्क्रू चिकटद्रव लावून बसवलेले होते. हीट गनने ऊब दिल्यावर ते सुटले आणि ब्लॉक ट्यूबसकट पुढे सरकून निघाला. ट्यूबची बारीक पिन ठोकून काढण्याची गरज पडली नाही, हे नशीबच म्हणायचे.

नटाने मात्र दाद दिली नाही. रिसीव्हर प्लॅस्टिकच्या साच्यात धरून व्हाइसमध्ये आवळला होता, पण पान्यावर जोर दिला की नट सुटण्याऐवजी रिसीव्हरच साच्यात घसरे. व्हाइस आणखी आवळावा, तर रिसीव्हरची भिंत पातळ अ‍ॅल्युमिनियमची, ती चेपण्याचे भय. नटालाही ऊब द्यावी असे मनात आले, पण माझा नट पोलादी आणि त्याच्या आतले आटे अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, म्हणजे पकड उलट घट्टच होणार. पहिला शनिवार तिथेच संपला.

आठवडाभरात मी एक पोलादी दांडा मागवला, जो रिसीव्हरच्या मागून आत जाऊन नळीच्या मागच्या टोकातल्या खाचांमध्ये अडकतो आणि व्हाइसमध्ये तोच धरता येतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांना फोनवर सगळे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सोडवायच्या आधी केसभर आवळून बघ." तसे केले, मग पाना उलटा फिरवला आणि कोरडा कर्कश आवाज होऊन नट सुटला. आट्यांवर ग्रीसचा मागमूस नव्हता. ज्या कारखान्यात ही रायफल जुळवली, त्याचे नाव घेत नाही, पण चमचाभर ग्रीसने माझा एक शनिवार वाचला असता.

या नटासाठी लष्करी पुस्तिकेत ३० ते ८० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर, एवढी ऐसपैस मर्यादा दिलेली असते. कारण असे की नटाला २० दाते आहेत, आणि ट्यूबसमोर खाच आणायची तर किमान जोर गाठल्यानंतरही १८ अंशांपर्यंत फिरवावे लागू शकते. नव्या हँडगार्डचा नट गुळगुळीत असून ट्यूब त्याच्यावरून जाते, त्यामुळे ही जुळवाजुळव टळली. आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले (ग्रॅफाइटचे नव्हे, त्याने अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादाच्या सांध्यावर गंज चढतो), तीनदा आवळून सैल केले आणि मग ४० फूट-पाउंडांवर थांबलो. टॉर्क रेंचला (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या दांड्याला) पाना काटकोनात जोडला होता. सरळ रेषेत जोडला की लांबी वाढते आणि प्रत्यक्ष जोर आकड्यापेक्षा जास्त पडतो.

गॅस ब्लॉक परत बसवताना एक गोष्ट सहज चुकते. जुन्या हँडगार्डला पुढून धरणारी पत्र्याची टोपी आता नाही, आणि नळीतले गॅसचे भोक त्या टोपीची जाडी धरूनच पाडलेले आहे. म्हणून हा बुटका ब्लॉक नळीच्या खांद्याला न भिडवता सुमारे ०.०३ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, पुढे ठेवावा लागतो. आखूड नळीत गोळी भोक ओलांडून लगेच बाहेर पडते आणि गॅसचा दाब फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे भोक अर्धवट झाकले गेले तर बोल्ट पुरता मागे जात नाही. मी फीलर गेज लावून फट मोजली, स्क्रूंवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि बोल्ट कॅरिअर आत सोडून ट्यूब कुठे घासत नाही ना, हे पाहिले.

हँडगार्ड ९ इंचांचेच घेतले, म्हणजे हात नळीच्या तोंडापासून मागे राहतो. रेंजवर ६० गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, आणि घरी येऊन पाहिले तेव्हा पांढऱ्या खुणा जागच्या हललेल्या नव्हत्या.