दहा रुपयांची खोली

20 नोव्हेंबर 2019, बुधवार

टीव्हीवर दिवसभर सत्तास्थापनेचं दळण. दिल्लीच्या जेएनयूतल्या, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या, पोरांची बातमी मधेच दोन मिनिटं लागते आणि जाते. वसतिगृहाची फी वाढवली म्हणून सोमवारी संसदेकडे निघालेला त्यांचा मोर्चा पोलिसांनी अडवला, लाठ्या चालवल्या. एका दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही मारलं, असं मुलं सांगतात. पोलीस नाही म्हणतात. माझं मन काही थाऱ्यावर नाही.

आज स्टाफरूममध्ये हाच विषय. एक सहकारी म्हणाले, ‘‘दहा रुपये भाड्यात राहतात, वर आंदोलन करतात. आपल्या करातून चाललंय हे.’’ मी तिथे नीट बोलू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

दोघांच्या खोलीचं महिन्याचं भाडं दहा रुपये होतं, ते तीनशे केलं. एकट्याच्या खोलीचं वीसवरून सहाशे. एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. पण सेवाशुल्क म्हणून महिना सतराशे रुपये नव्याने लावलेत, त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणजे दोघांच्या खोलीतला मुलगा दहावरून थेट दोन हजारांवर. मेसचे पैसे तो आधीपासून भरतोच. विद्यापीठाच्याच 2017-18 च्या अहवालाप्रमाणे तिथे प्रवेश घेणाऱ्या शंभरातल्या चाळीस मुलांच्या घरचं उत्पन्न महिना बारा हजारांच्या आत आहे. बारातले दोन खोलीतच गेले.

मागच्या आठवड्यात थोडी माघार घेतली, दारिद्र्यरेषेखालच्यांना निम्मी सवलत दिली. पण माझ्या बारावीच्या वर्गातल्या एका पोराच्या घरी केशरी कार्ड आहे. सवलत पिवळ्याला. त्याला तिथे जपानी भाषेत बी.ए. करायचंय. गावात कुणी जपानी माणूस पाहिलेला नाही, हा मात्र मोबाइलवर बघून वहीत अक्षरं गिरवतो. वही मला दाखवली होती त्याने. सुंदर अक्षर आहे.

त्याच्या वडिलांची तीन एकर कोरडवाहू. या परतीच्या पावसात सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटले. राज्यपालांनी शनिवारी हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली, त्या हिशेबाने घरात साधारण नऊ हजार सातशे येतील, तेही कधी कोण जाणे. तेवढ्यात तिथल्या खोलीचे पाच महिनेसुद्धा निघत नाहीत. बाधित शेतकऱ्यांच्या मुलांची परीक्षा फी माफ केली, हे चांगलंच झालं. पण परीक्षा एका दिवसाची असते, राहायचं तीन वर्षं असतं.

मला राग येतो तो याचा, की हा मुलगा कुठल्याच मोर्चात दिसणार नाही. आज रस्त्यावर आहेत ते निदान आत पोचलेले आहेत. हा फॉर्मच भरणार नाही, आणि त्याने तो भरला नाही हे कोणत्याही आकड्यात येणार नाही. दिल्लीतली पोरं लाठ्या खातायत त्या याच्यासारख्यांसाठीही खातायत, असं मी मनापासून मानतो.

रात्री जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला फी माफ झाली, ती ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, त्यात अण्णा शिकले. आमच्या घराण्यातले पहिले बी.ए. अजूनही कुणी विचारलं तर आधी ‘‘मी ई.बी.सी.वाला’’ म्हणतात, मग कॉलेजचं नाव. घास हातात तसाच धरून म्हणाले, ‘‘आमच्या वेळी कुणी असा हिशेब काढला नाही रे. काढला असता तर तूही रानातच असतास.’’

मग बराच वेळ दोघंही बोललो नाही.

दुपारी तो पोरगा दारात येऊन उभा होता. ‘‘सर, राहू द्या ते दिल्लीचं. लातूरलाच काहीतरी बघतो.’’ मी त्याला हो म्हटलं नाही. उद्या दुसऱ्या तासानंतर त्याला घेऊन तहसीलच्या सेतू केंद्रात जायचं आहे, उत्पन्नाचा दाखला काढायला. येताना ती वही आण म्हणून सांगितलंय.