तुम्ही विचारलंत म्हणून : वागळे इस्टेटच्या गाळ्यात बाटाचं काय चालेल?

ठाण्यात बुटांचं छोटं युनिट काढू पाहणारे हमखास विचारतात : बाटा बूट कंपनी काढणाऱ्या तोमाश बाटाकडून नेमकं काय उचलावं? (आधी एक खुलासा : बाटा मूळचा आपला नव्हे. त्याचं झ्लिन गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. १८९४ मध्ये भावंडांबरोबर धंदा काढला, वर्षभरात कर्जात गेला, कातड्याला पैसे नाहीत म्हणून कॅनव्हासचे बूट शिवू लागला. १९३२ मध्ये विमान अपघातात गेला.)

सगळ्यांना १९२२ ची गोष्ट पाठ असते. तिथलं चलन वधारलं, निर्यात बसली आणि बाटाने बुटांच्या किमती निम्म्यावर आणल्या. त्याची नक्कल करू नका. कामगारांनी तेव्हा ४० टक्के पगारकपात सोसली होती आणि त्याने त्यांना धान्य-कपडे निम्म्या भावात पुरवले होते. सहा कारागिरांच्या गाळ्यात निम्मा भाव म्हणजे दिवाळं.

उचलायचं ते १९२४ चं. त्याने प्रत्येक खात्याचा हिशेब वेगळा केला. आधीच्या खात्याकडून अर्धा तयार माल ठरल्या दराने विकत घ्यायचा, पुढच्याला विकायचा. माल खराब असेल तर घ्यायचाच नाही. हिशेब आठवड्याचा, नफ्यात वाटा.

हे बुटाच्या धंद्यात इतकं लागू पडतं, कारण इथली चूक एका टेबलावर होते आणि दिसते तिसऱ्या टेबलावर. मर्दानी डर्बीच्या (नाडीच्या बुटाच्या) एका जोडीच्या अप्परला, म्हणजे सोलच्या वरच्या भागाला, साधारण २ ते २.५ चौरस फूट कातडं लागतं. कातडं वाचवायला कटिंगवाल्याने पंजाचा, म्हणजे बुटाच्या पुढच्या भागाचा, तुकडा जनावराच्या पोटाकडच्या सैल भागातून काढला, तर शिलाईत काही कळत नाही. फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) ओढताना तो नको तितका ताणतो, डावा-उजवा जुळत नाही, आणि दोष येतो ओढणाऱ्यावर. पंजा पाठीकडचा, जीभ नि अस्तर पोटाकडचं, एवढं शिलाईवाल्याने माल घेतानाच बघायचं. नसेल तर परत.

सोल चिकटवणं त्याहून नाजूक. अप्परची खालची कड घासून खरखरीत केलेली नसेल, तर चिकटवणाऱ्याने बूट हातात घेऊच नये; चकचकीत कातड्याच्या वरच्या थरावर सोल्युशन (चिकटवायचा द्रव) धरत नाही. सोल्युशनचे दोन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकवून, मग साधारण ६० ते ७० अंशांवर गरम करून लगेच दाब. पावसाळ्यात आणखी एक भानगड : सोल्युशनमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. बोटाला सुकलेलं लागतं, पण आत ओल. महिन्याभरात सोल सुटतो.

कच्चा माल मुंबईतल्या ठक्कर बाप्पा कॉलनीतून आणा की धारावीतून, प्रत्येक खात्याच्या हिशेबाची वही हवीच : कटिंग, शिलाई, चिकटवणी, तीन पानं. मालकाने मात्र मध्ये पडून ‘चालवून घे रे’ म्हणायचं नाही. एकदा म्हणालात की वही बंद पडली. आणि जून ते सप्टेंबर चिकटवणीचा दर जोडीमागे थोडा वाढवून द्या. सुकवायला वेळ जास्त जातो. जुनाच दर ठेवलात तर कारागीर तो वेळ वाचवणारच.