शाडूतले खलनायक: सँडमॅन वाळला, डेन्ट अर्धा झाला, जोकर अजून फडक्यात

सँडमॅन एकदाचा वाळला आणि कुठे तडा गेला नाही. हार्वे डेन्टची चांगली बाजू झाली आहे, जळकी बाकी आहे. जोकरची माती मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. आजची नोंद बरीचशी त्याच्यावर आहे, कारण त्याच्यापाशी आल्यावर आधीच्या पुतळ्यांमागे मी नेमकं काय शोधत होते ते मला नीट सांगता यायला लागलं.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी: सुपरहिरोपटांतल्या खलनायकांचे वीतभर उंचीचे अर्धपुतळे मी शाडूच्या मातीत करते. माती लालबागहून आणते, काम परळला घराच्या गॅलरीत चालतं. ही माती भाजायची नसते, त्यामुळे सगळा भरवसा वाळण्यावर. मुंबईच्या पावसाळ्यात वरून कोरडा दिसणारा पुतळा आतून कितीतरी दिवस ओला राहतो. त्यात माती वाळताना आकसते. जाड आणि पातळ भाग शेजारी आले की पातळ भाग आधी आकसतो आणि जोडावर तडा ठरलेला. म्हणून डोकं आतून पोकरून भिंत सगळीकडे साधारण बोटभर जाडीची ठेवते, मातीत पिंजलेला कापूस मळते आणि पुतळा पंख्याखाली कधीही ठेवत नाही.

सँडमॅन निवडला तो एकाच प्रसंगासाठी. सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन ३' (२००७) एकूण विस्कळीत सिनेमा आहे, खलनायकांची गर्दी आहे, पण फ्लिंट मार्को, म्हणजेच सँडमॅन, वाळूतून उठतो तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. वाळूचा ढीग. कणावर कण चढतात, माणसाचा ओबडधोबड आकार उभा राहतो आणि लगेच ढासळतो. पुन्हा उभा राहतो. समोर लॉकेट पडलेलं आहे, त्यात आजारी मुलीचा फोटो. तो हात पुढे करतो आणि लॉकेटला स्पर्श होताच बोटं भुगा होऊन गळतात. मग सगळी ताकद एकवटून तो हात पुन्हा घडवतो. या सगळ्यात जवळपास एकही शब्द नाही. त्याचं काम करणाऱ्या थॉमस हेडन चर्चचा चेहरासुद्धा बराच वेळ धड दिसत नाही, आणि तरी त्या ढिगाऱ्याला काय हवंय हे थिएटरमधल्या पोरासोरांनाही कळतं. मातीत काम करणाऱ्याला तर तो प्रसंग आतून ओळखीचा वाटतो. हाताखाली आकार येतोय असं वाटत असताना तो खचणं आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

अर्धपुतळ्याला सहसा हात नसतो, पण इथे एक हात छातीपर्यंत वर घेतला. बोटं मुद्दाम अपुरी सोडली आणि त्यांच्यासमोर पितळी पत्र्याचं छोटं लॉकेट बसवलं. वरचा थर ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू दाबली. खांद्यापाशी भरड, गालापाशी बारीक. नजर खाली, लॉकेटकडे. माझ्या मते या मालिकेतला आतापर्यंतचा हा सर्वांत चांगला पुतळा आहे.

शोकांत खलनायक नीट लिहिलेला असेल तर त्याच्या आसपास अशी एक वस्तू सापडतेच. मिस्टर फ्रीझचं उदाहरण घ्या. १९५९ साली बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये तो 'मिस्टर झीरो' नावाने आला तेव्हा बर्फाची बंदूक घेतलेला एक सामान्य गुंड होता. १९९२ मध्ये बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेत लेखक पॉल डिनीने त्याला नोरा नावाची मरणासन्न, गोठवून ठेवलेली बायको दिली आणि हातात काचेच्या गोळ्यातली नाचणारी बाहुली दिली. तेवढ्याने माणूस बदलला. शेवटी तुरुंगाच्या कोठडीत तो त्या बाहुलीशी बोलतो. पुढे १९९७ च्या सिनेमात हीच नोरा, हाच आजार, पण अरनॉल्ड श्वार्झनेगरच्या तोंडी बर्फावरच्या कोट्या इतक्या घातल्या की दुःखाला जागाच उरली नाही. पूर्वकथा असणं आणि ती पडद्यावर पोचणं यांत केवढं अंतर आहे, हे बघायचं असेल तर हे दोन फ्रीझ लागोपाठ बघा.

'स्पायडर-मॅन २' (२००४) मधल्या डॉक्टर ऑक्टोपसची वस्तू त्याच्या मानेवर आहे: यांत्रिक भुजांना ताब्यात ठेवणारी चिप. ती जळते त्याच अपघातात बायको जाते. ऑक्टोपस झालेला आल्फ्रेड मोलिना पुढे दुष्टपणा करतो तेव्हाही मागून भुजा त्याच्या कानाशी लागलेल्या दिसतात, त्यामुळे शेवटी तो स्वतःहून अणुभट्टी नदीत बुडवतो ते पटतं. माणूस आत शिल्लक होता हे आपण बघत आलेलो असतो.

आता डेन्ट. 'द डार्क नाइट' (२००८) म्हटलं की बोलणं जोकरवर जातं, पण आरन एकहार्टचा डेन्ट, शहराचा सरकारी वकील, मला घडणीच्या दृष्टीने जास्त शिकवतो. त्याचं नाणं बघा. सुरुवातीला तो निर्णय नाणं उडवून घेतो असं भासवतो, आणि मग कळतं की नाण्याला दोन्हीकडे छापाच आहे. नशीब आपण घडवतो, अशी त्याची घमेंड. ते नाणं त्याच्या प्रेयसीपाशी, रेचलपाशी, असतं, स्फोटात रेचल जाते, डेन्टचा अर्धा चेहरा जळतो, आणि हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर उशाशी ठेवलेलं नाणं डेन्ट उलटं करतो. दुसरी बाजू जळून काळी. तिथे तो किंचाळतो, पण किंकाळी आपल्याला ऐकू येत नाही. यानंतर नाणं खरोखर दोन बाजूंचं झालं आणि तो खरोखरच ते उडवून माणसं मारायला लागतो. एवढ्याशा वस्तूत पूर्ण शोकांतिका बसवली आहे.

म्हणून डेन्ट करताना आधी संपूर्ण चेहरा केला, दोन्ही गाल, दोन्ही ओठ, सगळं देखणं. जळकी बाजू वेगळी थापायची नाही, त्याच चेहऱ्यातून काढून टाकायची. माती चामड्यासारखी घट्ट झाली की कोरणीने गाल उतरवेन, खाली आधीच बसवून ठेवलेले दात आणि जबडा उघडा पडेल. सिनेमात ही बाजू कॉम्प्युटरवर केली होती. मातीत ही वजाबाकी हातानेच करता येते, आणि ज्याला काहीतरी गमवायचं आहे त्याच्याकडे आधी ते असलं पाहिजे.

हाच नियम घेऊन जोकरकडे गेले आणि तिथे तो लागूच होईना. त्याचा आधीचा चेहरा कोणता?

या प्रश्नाचं मूळ जुनं आहे. जोकर १९४० मध्ये 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात आला, आणि त्याचा चेहरा घडवताना समोर होता कॉनराड फाइट या नटाचा फोटो, 'द मॅन हू लाफ्स' या १९२८ च्या मूकपटातला. त्यातला ग्विनप्लेन खलनायक नाहीच. लहानपणी राजाच्या सूडापायी त्याच्या तोंडावर कायमचं हसू कोरलेलं असतं. जत्रेत लोक त्याला बघून हसतात आणि तो लाजेने तोंड झाकतो. म्हणजे गोंधळाच्या या बादशहाने चेहरा घेतला तो एका दुःखी माणसाचा, आणि त्यामागची कहाणी तेवढी टाकून दिली. मला वाटतं जोकरच्या भीतीचं रहस्य इथेच आहे. जखम दिसते, पण तिच्यामागचं दुःख कुणी सांगत नाही.

'द डार्क नाइट'मध्ये दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन आणि जोकर झालेला हीथ लेजर यांनी हे ओळखून वापरलं. जोकर तोंडाच्या व्रणांची गोष्ट एकदा सांगतो, त्यात दारुडा बाप आहे. दुसऱ्यांदा सांगतो, त्यात बायको आहे. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला ती खरी वाटते. शेवटी बॅटमॅनला सांगायला जातो तेव्हा बॅटमॅन ती ऐकूनच घेत नाही. त्याला पोलीस पकडतात तेव्हा नाव नाही, बोटांचे ठसे कुठल्याच नोंदीशी जुळत नाहीत, कपड्यांना लेबल नाही, आणि खिशात सुऱ्या आणि धागेदोरे. सँडमॅनचं लॉकेट आणि डेन्टचं नाणं यांच्याशेजारी हा खिसा ठेवून बघा. ज्याच्याकडे जपण्यासारखं काहीच नाही त्याला कशाची धमकी देणार? पैशांचा डोंगर तो पेटवून देतो तेव्हा शहरातले मुरलेले गुंडही चक्रावतात.

आमच्या आजोळी, सिंधुदुर्गात, दशावतारात संकासुर येतो. काळा वेश, चेहराही काळा झाकलेला. एका क्षणी मालवणीत टिंगल करून अख्खं गाव हसवतो आणि दुसऱ्या क्षणी पुढे बसलेल्या पोरांच्या अंगावर धावून जातो. लहानपणी त्याला बघताना हसू आणि भीती एकदमच यायची. तो असा का वागतो हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. लेजरचा जोकर मला पहिल्यांदा बघताना परका वाटला नाही, याचं कारण संकासुरच असणार.

याच कसोटीवर टिम बर्टनच्या १९८९ च्या सिनेमातला जॅक निकल्सनचा जोकर मला थोडा लहान वाटतो. तो मजेदार आहे, पण त्याला जॅक नेपियर हे नाव आहे, तो रसायनात पडतो, आणि वर ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खुनीही तोच निघतो. हिशेब जुळला की गोंधळ उरत नाही. २०१९ च्या 'जोकर'बद्दल मात्र माझं मत ऐकून काही जण नाराज होतील. वाकीन फिनिक्सचं काम थोर आहे, २०२० चं ऑस्कर सार्थच होतं. पण त्याच्या जोकरचे, आर्थर फ्लेकचे, खिसे भरलेले आहेत. आपल्या हसण्याच्या विकाराची माहिती देणारं कार्ड आहे, विनोदांची वही आहे, घरी आजारी आई आहे. तो शोकांत खलनायक आहे, रंग फक्त जोकरचा लावलाय. जिन्यावर नाचतो तेव्हा मला त्याची कीव येते, भीती वाटत नाही. दोन्ही एकाच चेहऱ्यात हवं म्हटलं तर एक पातळ होतं, असं मला आता ठाम वाटायला लागलं आहे.

तर माझा जोकर लेजरचाच, आणि त्याच्याखाली देखणा चेहरा घडवायचा नाही. डोक्याचा साधा गोळा, हाडांची जुजबी खूण, आणि बाकी सगळं वरच्या रंगाच्या थरात. त्या सिनेमासाठी रंगभूषा करताना लेजरला चेहरा आक्रसायला सांगून त्यावर रंग लावत, म्हणजे चेहरा सैल झाल्यावर रंगात सुरकुत्या आणि चिरा उमटत. हे मातीत आणायचं, तर आजवर ज्या तड्यांपासून पुतळे जपले तेच तडे इथे मुद्दाम पाडायचे. फरशीच्या तुकड्यांवर प्रयोग चालू आहेत. पांढरा पोस्टर कलर घातलेली पातळ माती आधीच्या मातीवर ब्रशने लावते. खालची माती पूर्ण वाळलेली असेल तर वरचा थर पोपडे होऊन सुटतो. फार ओली असेल तर चिराच पडत नाहीत. बोट टेकवल्यावर गार लागते पण ठसा उमटत नाही, अशा बेताला लावलं की केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पडतं आणि थर टिकतो. दोन हात लावले की चिरा रुंद होतात, कपाळासाठी मला तशाच हव्यात. तोंडाभोवती एकच हात.

राहिले डोळे. लालबागला ज्यांच्याकडून माती घेते ते मूर्तिकार काका मूळचे आमच्याच बाजूचे. नवरात्र उरकल्यावर कारखाना जरा निवांत असतो, तेव्हा त्यांना सँडमॅन दाखवायला नेला होता. त्यांनी सिनेमा बघितलेला नाही, पण लॉकेटकडे बघून म्हणाले, "ह्येचा कोणतरी आजारी आसा." जोकरचे फोटो मोबाइलवर दाखवले तर बराच वेळ बोलले नाहीत. मग आखणीबद्दल म्हणाले, "डोळे खंय बघतत ता आधी ठरव बाय, मगे ब्रश घे." ठरवलं आहे. सँडमॅन लॉकेटकडे बघतो, डेन्ट नाण्याकडे बघेल. जोकर मान खाली घालून भुवयांखालून समोर बघेल, जो कुणी पुतळ्यासमोर उभा असेल त्याच्याकडे.

यानंतर 'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला किलमाँगर घ्यायचा आहे. त्याच्या गळ्यात साखळीला वडिलांची अंगठी आहे, आणि छातीवर मारलेल्या माणसांगणिक एकेक व्रण. ते पातळ मातीचे ठिपके देऊन उठवता येतील, त्यात अडचण दिसत नाही.

अडचण आहे ती मॅग्नेटोची. 'एक्स-मेन: फर्स्ट क्लास' (२०११) मध्ये छळछावणीत छोट्या एरिकला, म्हणजे पुढच्या मॅग्नेटोला, नाणं हलवायला सांगतात, तीन आकडे मोजतात, ते हलत नाही आणि त्याच्यासमोर आईला गोळी घालतात. मोठेपणी तेच नाणं तो गोळी घालणाऱ्या त्या माणसाच्या कपाळातून आरपार नेतो, तितकेच आकडे मोजत. मला ते नाणं चेहऱ्यासमोर तरंगतं दाखवायचं आहे. लोखंडी तार ओल्या मातीत गंजते आणि डाग बाहेर येतो, त्यामुळे पितळेची किंवा तांब्याची घ्यावी लागेल. पण तारेभोवती माती आकसून तडा जाण्याची धास्ती आहे. माती ओली असताना तार रोवून अधूनमधून फिरवत राहावं, की आधी भोक पाडून वाळल्यावर तार चिकटवावी? कुणी असं केलं असेल तर तारेची जाडी आणि चिकटवायला काय वापरलं तेही कळवा.