अकरा भागाकार

शनिवार, रात्री साडेबारा

झोप येत नाही. आज पुन्हा ‘क्यूब’ पाहिला, चौथ्यांदा असेल. व्हिन्सेन्झो नताली या कॅनेडियन दिग्दर्शकाचा 1997 चा सिनेमा. सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसले, कारण आईला असलं काही घरात लागलेलं आवडत नाही. “माणसं मरताना काय बघायचंय गं?” असं तिने मागे विचारलं होतं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

काही अनोळखी माणसं एका चौकोनी खोलीत अडकलेली असतात. सहाही बाजूंना दार, प्रत्येक दारापलीकडे तशीच खोली, रंग तेवढा वेगळा. कशात सापळा आहे, कशात नाही, काही कळत नाही. मग नाडीला धरून बूट आधी पलीकडे फेकायचा, काही झालं नाही तर आपण उतरायचं. शूटिंगसाठी म्हणे पुरी खोली एकच बांधली होती, 14 फुटांची, आणि रंगीत फळ्या बदलून तीच वापरली. हे माहीत असूनही दार सरकलं की पोटात गोळा येतोच.

मग गणितात हुशार असलेल्या लीव्हनचं लक्ष दारापाशी कोरलेल्या आकड्यांकडे जातं. तीन आकडी तीन संख्या. त्यातली एखादी मूळ संख्या असली तर खोली जीवघेणी. हा क्षण मला फार फार आवडतो. इतका वेळ नुसती भीती होती, आता धरायला काहीतरी मिळालं. पुढे तोही नियम अपुरा पडतो, कारण मूळ संख्येचा घातही घातकच निघतो. म्हणजे 343 दिसली तरी जायचं नाही, तो 7 चा घन.

एवढे अवयव तोंडी पाडणं कुणालाच जमणार नाही म्हणून लीव्हन हात टेकते. आणि ज्याला सगळे ओझं समजत होते, तो काझान कुठल्या संख्येला किती अवयव ते शांतपणे सांगू लागतो. तिथे दरवेळी माझे डोळे भरतात.

आज मी तिथेच पॉज केलं आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मनातली एक संख्या लिहिली, 667. तीन आकडी संख्येला 31 पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं, कारण 32 चा वर्ग हजाराच्या वर जातो. म्हणजे जास्तीत जास्त अकरा भागाकार. 7 ने बाकी 2, 11 ने 7, 13 ने 4, 17 ने 4, 19 ने 2. मूळच वाटत होती. 23 ने भाग गेला! 23 गुणिले 29. उतरायला हरकत नाही. रात्री बारा वाजता एकटीच बसून मला केवढा आनंद झाला.

आईला हेच सांगायचं होतं. मरणाच्या दारात बसून कुणीतरी नीट हिशोब करतंय, ते बघायला मी बसते.

पण आज त्या अडकलेल्यांपैकीच एक, वर्थ, डोक्यातून जात नाही. त्या पिंजऱ्याचं बाहेरचं कवच त्यानेच डिझाइन केलेलं असतं. काम आलं, करून दिलं, कशासाठी ते विचारलं नाही. बाकीचे तुकडे असेच कुणी कुणी केले असणार. पूर्वी मला तो भित्रा वाटायचा. आता मी स्वतः दिवसभर ऑटोकॅडवर दार-खिडक्यांची शीट काढते. आधीच्या नोकरीत एकदा निरोप आला होता की मागच्या जिन्याकडचं दार काढून तिथे सलग भिंत दाखव. दोन मिनिटांचं काम. पूर्ण प्लॅन माझ्याकडे नव्हता, मी मागितलाही नाही. त्या मजल्यावर बाहेर पडायला दुसरी वाट होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्या इमारतीचं नाव आठवतंय. तिथे आता माणसं राहतात. उद्या रविवार आहे, जाऊन मागचा जिना बघून येते.