पायपीआयचा मेटाडेटा: गोळा करताना आणि बाहेर देताना

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कंट्रोल पॅनेल, चाचणी यंत्रे आणि मोजमापाची उपकरणे बनवणारे बरेच लघुउद्योग आहेत आणि हल्ली त्यांच्या मालाबरोबर थोडेफार सॉफ्टवेअरही परदेशी जाते. अशाच एका कारखान्याचे सॉफ्टवेअरचे काम मी नाशिकमध्ये बसून पाहते. चाचणी यंत्राला जोडलेल्या लहानशा संगणकावर पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालतो; त्यातला आमचा स्वतःचा कोड थोडा, बाकीचा सगळा भार पायपीआय या भांडारातून घेतलेल्या मुक्तस्रोत पॅकेजांवर. युरोपातल्या ग्राहकाने या पॅकेजांची यादी मागितली: नाव, आवृत्ती, परवाना आणि प्रत्येक पॅकेज पुढे कोणाकोणावर अवलंबून आहे ते. मागणी रास्तच होती. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला, त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि उत्पादनातल्या सॉफ्टवेअर घटकांची, निदान वरच्या पातळीवरच्या घटकांची, यंत्राला वाचता येईल अशी यादी उत्पादकाने तयार ठेवावी असे त्यात म्हटले आहे.

या निमित्ताने पायपीआयचा मेटाडेटा, म्हणजे पॅकेजांविषयीची माहिती, गोळा करण्याची आणि तो दुसऱ्याच्या हाती देण्यायोग्य करण्याची एक पद्धत बसवली. ती सांगण्याआधी हा मेटाडेटा येतो कुठून ते पाहिले पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे. पायथनचे व्हील, म्हणजे थेट बसवता येईल असे तयार पॅकेज, प्रत्यक्षात एक झिप फाइल असते. ती उघडली की ‘डिस्ट-इन्फो’ने संपणाऱ्या नावाचा एक फोल्डर दिसतो आणि त्यात ‘मेटाडेटा’ नावाची साधी मजकूर फाइल असते. तिची मांडणी ईमेलच्या शीर्षकांसारखी आहे: डावीकडे रकान्याचे नाव, मग अपूर्णविराम (:), उजवीकडे मूल्य. या मांडणीचे पहिले प्रमाण पेप २४१ या दस्तऐवजाने २००१ मध्ये ठरवले (पेप म्हणजे पायथनमधले क्रमांकित प्रस्ताव). ही फाइल पॅकेजच्या कर्त्याने दिलेल्या माहितीवरून तयार होते. पायपीआय अपलोडच्या वेळी रकान्यांचे स्वरूप तपासते. लिहिलेला परवाना खरा आहे का, वर्णन आजही लागू आहे का, हे तपासणे तिचे काम नाही. म्हणजे आपण जे गोळा करतो ते पॅकेजविषयीचे सत्य नसून पॅकेजविषयी कोणीतरी, कधीतरी केलेले निवेदन असते, आणि ते निवेदन म्हणूनच जपावे, असे माझे ठाम मत आहे.

गोळा करण्याचा भाग तुलनेने सोपा आहे. भांडारातल्या सर्व प्रकल्पांची नावे ‘सिंपल’ निर्देशांकात एकाच ठिकाणी मिळतात, आणि विनंतीसोबत योग्य शीर्षक पाठवले तर पेप ६९१ नुसार ती जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपातही येतात. प्रकल्पांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेलेली असल्याने उत्सुकतेपोटी सगळे भांडार उपसायला निघू नये. आपल्या प्रोग्रामला लागणारी पॅकेजे आणि त्यांच्या खालची पॅकेजे एवढ्यावर बहुतेक गरजा भागतात. प्रत्येक प्रकल्पाच्या नावापुढे ‘जेसन’ लावलेला पत्ता असतो. तिथे ताज्या आवृत्तीची माहिती, फाइलींची यादी, त्यांचे हॅश (फाइल बदलली नाही हे पडताळणारे ठसे) आणि ज्ञात असुरक्षिततांच्या नोंदी मिळतात. विनंत्या एकापाठोपाठ एक कराव्यात आणि यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या शीर्षकात) आपली ओळख व संपर्क द्यावा, असे पायपीआयने स्वतःच सुचवले आहे. आधीच्या उत्तराचा ई-टॅग (त्या उत्तराची खूण) जपून ठेवला आणि पुढच्या वेळी तो पाठवला, तर काही बदललेले नसताना सर्व्हर ‘३०४’ एवढेच सांगतो आणि दोघांचेही श्रम वाचतात. प्रत्येक उत्तरात शेवटच्या बदलाचा एक अनुक्रमांकही असतो. तो मी नोंदीत ठेवते, कारण तारखेपेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

नावांचा घोळ पहिल्याच टप्प्यावर भेटतो. पेप ५०३ प्रमाणे नावातली मोठी-लहान अक्षरे एकच मानायची आणि आडवी रेघ, खालची रेघ व टिंब यांच्या जागी एकच आडवी रेघ धरायची. हा नियम लावला नाही तर ‘टायपिंग एक्स्टेन्शन्स’ हे एकच पॅकेज एका ठिकाणी खालच्या रेघेने, दुसऱ्या ठिकाणी आडव्या रेघेने येते आणि यादीत दोनदा बसते. शिवाय भांडारातले नाव आणि कोडमध्ये आयात करायचे नाव यांचा संबंध असेलच असे नाही: पिलो हे पॅकेज कोडमध्ये ‘पीआयएल’ म्हणून येते, सायकिट-लर्न हे ‘एसकेलर्न’ म्हणून. त्यामुळे कोडमधल्या आयातीच्या ओळी वाचून यादी करणे हा उपाय ऐकायला बरा वाटतो, पण टिकत नाही.

अवलंबित्वाच्या रकान्यात तर रिकाम्या जागेचा अर्थच निसरडा आहे. रिक्वेस्ट्स या सर्वपरिचित पॅकेजची नोंद उघडली तर यूआरएललिब३, सर्टिफाय, आयडीएनए, चारसेट-नॉर्मलायझर अशी नावे आवृत्तीच्या मर्यादांसह दिसतात, आणि त्यानंतर पायसॉक्सचे नाव ‘सॉक्स हा जोड मागितला असेल तरच’ या अटीसह येते. ही अट न वाचता सगळी नावे सरसकट उचलली, तर यंत्रात कधीच न बसवलेले पॅकेज ग्राहकाच्या यादीत जाते. याउलट काही पॅकेजांच्या उत्तरात हा रकाना ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) असतो, आणि त्यावरून ‘हे कोणावरही अवलंबून नाही’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. पायपीआय एका आवृत्तीसाठी अवलंबित्वाची एकच यादी देते आणि ती त्या आवृत्तीची पहिली फाइल चढवली गेली तेव्हाची असते. ती फाइल सोर्सची असेल आणि अवलंबित्व बांधणीच्या वेळी ठरणार असेल, तर रकान्यात काहीच येत नाही. अशा वेळी व्हीलच्या पत्त्यापुढे ‘डॉट मेटाडेटा’ जोडून मूळ फाइलच मागवावी. पेप ६५८ मुळे ही सोय झाली आणि पायपीआयने ती २०२३ मध्ये सुरू केली. अख्खे व्हील उतरवून घ्यावे लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ परवान्याचा रकाना खातो, आणि तो खाणारच. डेटयूटिल या पॅकेजचेच पाहा: तारखांचे काम करणाऱ्या असंख्य प्रोग्रामांत ते असते, आणि त्याच्या परवान्याच्या रकान्यात ‘ड्युअल लायसन्स’ एवढे दोनच शब्द आहेत. दुहेरी, पण कोणते दोन? ते वर्गीकरणाच्या ओळींत पाहावे लागते; तिथे बीएसडी आणि अपाचे अशी दोन नावे मिळतात. त्यातही ‘बीएसडी लायसन्स’ ही वर्गीकरणाची ओळ दोन कलमांचा बीएसडी की तीन कलमांचा हे सांगत नाही. जुन्या पॅकेजांत परवान्यापुढे ‘अननोन’ हा शब्द सापडतो. तो कर्त्याने लिहिलेला नसतो, रकाना रिकामा सोडल्यावर जुन्या बांधणी साधनांनी तो आपोआप भरलेला असतो. काही कर्त्यांनी रकान्यात परवान्याचे नाव लिहिण्याऐवजी परवान्याचा संपूर्ण मजकूर चिकटवलेला असतो. पेप ६३९ ने आता एसपीडीएक्स या परवान्यांच्या प्रमाणित यादीतल्या ठरावीक संक्षेपांत परवाना लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना दिला आहे आणि नव्या आवृत्त्यांत तो दिसू लागला आहे, पण यंत्रावर बसलेल्या जुन्या आवृत्त्या त्यामुळे सुधारत नाहीत.

म्हणून मी प्रत्येक परवान्यासाठी दोन रकाने ठेवते. पहिल्यात कर्त्याने लिहिलेले जसेच्या तसे, अगदी ‘अननोन’ असले तरी. दुसऱ्यात त्याचा आम्ही लावलेला अर्थ, आणि त्याला लागून तो अर्थ कशावरून लावला ते: वर्गीकरणावरून, की सोर्समधल्या परवान्याच्या फाइलवरून. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. यात्रेकरूने सांगितलेले नाव, गाव आणि कुळाची माणसे त्या दिवसाच्या नोंदीत उतरतात, आणि पुढची पिढी आली की तिची नोंद नव्याने खाली चढते. आजोबांनी सांगितलेले खोडून कोणी नातवाचे लिहीत नाही. भांडारातही हेच हवे, कारण तिथली माहिती स्थिर नाही. पेप ५९२ नुसार कर्ता एखादी आवृत्ती ‘यँक’ करू शकतो, म्हणजे ती जागेवर राहते पण नव्याने कोणाला आपोआप मिळत नाही. आणि प्रकल्प मुळातून काढून टाकण्याचीही त्याला मुभा आहे. त्यामुळे मिळालेले मूळ उत्तर, मिळाल्याच्या वेळेसह, वेगळ्या फाइलीत न बदलता साठवले जाते आणि सगळी साफसफाई त्याच्या प्रतीवर होते.

आता एक्सपोर्ट. कारखान्याच्या परचेस विभागाला यादी एक्सेलमध्ये हवी असते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितले असते. पण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की १.१० ही आवृत्ती संख्या समजून १.१ करून टाकली जाते, आणि त्या दोन आवृत्त्या पूर्णपणे वेगळ्या असतात. आवृत्तीचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करावा लागतो, नाहीतर थेट एक्सएलएसएक्स फाइल बनवून त्यात रकान्याचा प्रकार ठरवून द्यावा लागतो. मी दुसरा मार्ग घेतला, कारण पहिला समोरच्याच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे. एक्सेलच्या एका खान्यात ३२,७६७ अक्षरांपर्यंतच मजकूर मावतो आणि जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा मजकूर ३५ हजारांच्या घरात जातो, म्हणजे परवान्याच्या रकान्यात अख्खा जीपीएल चिकटवलेले एखादे पॅकेज निघाले की तो शेवटाकडे कापला जाणार. शिवाय सीएसव्हीत ‘नल’ आणि रिकामा मजकूर यांत फरक उरत नाही, आणि अवलंबित्वाच्या बाबतीत तो फरकच महत्त्वाचा आहे, हे वर आलेच. तेव्हा मूळ साठा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, आपसांतली देवाणघेवाण एका ओळीत एक नोंद अशा जेसन फाइलींत, आणि एक्सेल फक्त वाचण्यासाठी, अशी वाटणी केली.

ग्राहकाला जाणारी फाइल सायक्लोनडीएक्स या घटकयादीच्या प्रमाणात असते. त्यात प्रत्येक घटकाला भांडार, नाव आणि आवृत्ती एकत्र गुंफलेली ‘पर्ल’ (पॅकेज यूआरएल) ओळख असते, त्यामुळे पायपीआयवरचे आणि दुसऱ्या एखाद्या भांडारातले सारख्या नावाचे पॅकेज एकमेकांत मिसळत नाहीत. कर्त्यांचे ईमेल पत्ते मात्र मी एक्सपोर्टमध्ये घेत नाही. ते पायपीआयवर उघडच आहेत हे खरे, पण एकेका पानावर असलेला पत्ता आणि हजारोंची तयार यादी यांत फार अंतर आहे, आणि ग्राहकाला त्या पत्त्यांची गरजही नाही.

ज्यांना फक्त आपल्या यंत्रावर बसवलेल्या पॅकेजांची माहिती हवी आहे, त्यांनी भांडाराकडे जाण्याआधी ‘पिप इन्स्पेक्ट’ (पिप हे पायथनची पॅकेजे बसवण्याचे साधन) चालवून पाहावे. २०२२ मध्ये पिपच्या २२.२ या आवृत्तीपासून ही आज्ञा आहे आणि ती प्रत्यक्ष बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचा मेटाडेटा जेसनमध्ये देते; भांडारात काय आहे यापेक्षा यंत्रात काय आहे हे ग्राहकाला अधिक महत्त्वाचे असते. पण तिच्यातही एक गोष्ट वेगळ्या रकान्यात येत नाही. आमच्या चाचणी यंत्राला कॅमेरा आहे, म्हणून त्यावर ओपनसीव्ही-पायथन बसवलेले आहे. त्याचा परवाना अपाचे २.० असे नोंदीत दिसते आणि ते बरोबरही आहे, पण त्या व्हीलच्या पोटात एलजीपीएल परवान्याखालची एफएफएमपेग ही व्हिडिओची लायब्ररी बांधून आलेली असते आणि तिचा उल्लेख परवान्याच्या किंवा अवलंबित्वाच्या रकान्यांत नसून प्रकल्पाच्या माहितीपत्रात आहे. अशा आतल्या घटकांची यादी व्हीलमध्येच ठेवण्यासाठी पेप ७७० ने डिस्ट-इन्फोखाली एक फोल्डर राखून ठेवला आहे; सगळी पॅकेजे तो भरू लागेपर्यंत एफएफएमपेगची ओळ आमच्या यादीत हाताने घातलेली आहे, आणि ती हाताने घातली असल्याचा शेरा तिच्या शेजारच्या रकान्यात आहे.