व्हील, सायकल आणि चाक

पुण्यात, एके काळच्या या सायकलींच्या शहरात, ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच जुना शब्द दोनदा उच्चारतो. तिसरं भावंड इंग्रजीतलं ‘व्हील’. तिघांचे उच्चार फारसे जुळत नाहीत, म्हणूनच शब्दांची नाती शोधण्याच्या सरावाला हा शब्द उत्तम.

‘व्हील’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘ह्वेओल’. ‘ह’ आधी, ‘व’ नंतर. स्पेलिंगमधली उलटापालट पुढच्या लेखनिकांची. या ‘ह’वरच सगळी भिस्त आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिमच्या नियमाप्रमाणे इंग्रजी, संस्कृत, ग्रीक यांच्या समान पूर्वज भाषेतला मूळचा ‘क’ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) भाषांत ‘ह’ होतो, म्हणून ‘ह्व’च्या जागी ‘क्व’ ठेवायचा. पण एका शब्दावर नियम चालवायचा नाही, दुसरी जोडी हवीच. संस्कृत ‘कः’, जुनी इंग्रजी ‘ह्वा’, म्हणजे आजचं ‘हू’. जमलं.

यातून त्या पूर्वज भाषेतलं मूळ रूप मिळतं *क्वेक्व्लोस. फिरणे या अर्थाच्या ‘क्वेल्’ धातूची द्विरुक्ती. आधीची चांदणी सांगते की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलेलं आहे. ती गाळून मिरवणारे बरेच भेटतात.

संस्कृतात शिरताना लोक अडखळतात. ‘क्व’चा ‘च’ कसा? पुढे ‘ए’ असेल तर ‘क’ तालव्य, म्हणजे ‘च’, होतो, आणि मग तो ‘ए’ स्वतःच ‘अ’ होऊन बसतो. कारण पुसलं जातं, परिणाम उरतो. पुरावा म्हणून ‘आणि’ या अर्थाचे लॅटिन ‘क्वे’ आणि संस्कृत ‘च’ शेजारी ठेवा. दुसऱ्या ‘क्व’पुढे ‘ए’ नाही, म्हणून तिथे ‘क’ टिकला. ‘ल’चा ‘र’ झाला की ‘चक्र’ तयार. पुढे प्राकृत ‘चक्क’, मराठी ‘चाक’. जसं हस्त, हत्थ, हात.

(‘चक्र’चे जुने दाखले शोधायला डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाची वाट पाहू नका. काम 1948 पासून चालू आहे, पण अजून ‘अ’ संपायचाय. तोवर मोनिअर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश.)

‘सायकल’ ग्रीक ‘कुक्लोस’पासून लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. तिच्यात तो ‘ह’ नाही, म्हणजे शब्द इंग्रजीचा घरचा नव्हे, उसना.

उलट उदाहरण ‘बदनाम’मधल्या फारसी ‘बद’चं. इंग्रजी ‘बॅड’शी उच्चार जुळतो, अर्थही तोच, नातं मात्र काही नाही. मागे जाऊन बघा: मध्य फारसीत तो ‘वद’ होता, तर मध्य इंग्रजीत ‘बड्डे’.