खट्

रविवार, रात्री उशिरा

आज भांडी घासताना फोनवर 'बोहेमियन रॅप्सडी' लागलं होतं. चार मिनिटं होत आली आणि माझा साबणाचा हात आपोआप उठला, कॅसेट उलटायला! फोनला कुठली आलीय दुसरी बाजू?

दादाने मित्राकडून भरून आणलेली ती साठ मिनिटांची कॅसेट. एका बाजूला तीस मिनिटं, आणि 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं हे गाणं नेमकं बाजू संपताना. सगळे एकदम किंचाळायच्या टिपेला पोचायचे आणि खट्! बटण वर. पुढे गिटार उसळते, मग सगळं शांत होत जातं, शेवटी थाळीसारख्या गाँगचा एकच ठोका पडतो, यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. मला वाटायचं, गाणं असंच संपतं. काय भारी शेवट, असंही वाटायचं. नोव्हेंबर 1991 मध्ये त्यांचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी गेला, तेव्हाही माझं गाणं तिथेच अडकलेलं होतं.

इंग्रजी शून्य कळत होतं. शंभरेक माणसं दाटीवाटीने उभी राहून भांडतायत, असं चित्र मी मनात पक्कं केलं होतं. प्रत्यक्षात गाणारे तिघेच: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. 1975 साली त्यांनी आवाजावर आवाज इतके चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली, असं बँडवाल्यांनीच पुढे सांगितलं. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. आमचीही झिजलीच होती की! मधेच आवाज बुडायचा, रीळ बाहेर यायचं, मग पेन्सिल खुपसून गोल गोल फिरवत बसायचं. ते काम दादा मला देत नसे. ब्रायन मेने वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून गिटार बनवली, हे ऐकल्यावर मात्र दादाने पट्टी आणि रबरबँड घेऊन काहीतरी केलं होतं. वाजत नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

पूर्ण गाणं पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात. खरं सांगायचं तर रागच आला. एवढा आरडाओरडा करून शेवटी असं हळूच निघून जायचं?

मघाशी हात पुसून दादाला मेसेज टाकला: "क्वीन. चार मिनिटं. आठवतंय?"

लगेच उत्तर आलं. एकच शब्द.

"खट्."